चाकामागची करवंटी

मुलगा गाडी चालवत असतो आणि मी त्याच्या डाव्या हाताला बसलेला असतो, तेव्हा माझे दोन्ही पाय कामात असतात. समोर म्हैस आली की उजवा खाली जातो, गिअर बदलायची वेळ झाली की डावा. मुलगा म्हणतो, "बाबा, तिथे काही नाहीये. पायपुसणं फाटेल." खरं आहे त्याचं. पण शिकाऊ गाडीत मास्तरच्या पायाखालीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो, आणि त्या दोघांवर पाय ठेवूनच माझी सगळी उमेदीची वर्षं गेली. आता ते तिथे नाहीत हे मला कळतं, पायांना अजून कळलेलं नाही.

रत्नागिरीत माझं ड्रायव्हिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे एक पांढरी अँबॅसिडर, तिच्या डोक्यावर पत्र्याचा बोर्ड, आणि मी. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. गावात खाजगी गाड्या इतक्या कमी की नुसत्या हॉर्नवरून कोण चाललंय ते घरातल्या घरात ओळखता यायचं. बायका चुलीपुढून सांगायच्या, "डॉक्टर खाली गेले वाटतं."

हे 'खाली' नीट समजून घ्यायला हवं. आमचं गाव सगळं उतारावर. वर मारुती मंदिर, खाली बाजार, आणखी खाली समुद्र. त्यामुळे डावं-उजवं हा प्रकार आमच्याकडे फक्त जेवणाच्या पानात. रस्त्यावर 'वर घे', 'खाली घे' आणि 'दर्याच्या अंगाला घे', एवढ्यावर भागायचं. नवीन शिष्याला मी म्हणायचो, "डावीकडे वळा," की तो गाडी थांबवून विचारायचा, "म्हणजे खालीच ना मास्तर?" परत येताना तेच डावं वर जायचं, आणि मग आम्हा दोघांचाही गोंधळ. पत्ते झाडांवरून सांगायची पद्धत. एका वळणावरचा पिंपळ वादळात पडला, त्याचं सरपणही जळून संपलं, तरी पुढे कैक वर्षं लोक 'पिंपळाकडून वळा' असंच सांगत. परगावचा माणूस पिंपळ शोधत थेट मांडवीच्या वाळूत जायचा.

माझ्या बोर्डावर लाल 'एल' होतं, म्हणजे आत शिकणारा आहे, लांब राहा. आमच्या गावाने त्याचा अर्थ घेतला, आत शिकणारा आहे, जवळ या आणि शिकवा. गाडी चौकात बंद पडली की पानवाला, न्हावी आणि ज्याने जन्मात सायकलसुद्धा चालवली नाही असा पोस्टमन, तिघे खिडकीशी हजर. "मास्तर, त्याला क्लच हळू सोडायला सांगा." मी काय तिथे भजन करत होतो?

त्या काळी हाताचे सिग्नल महत्त्वाचे. उजवीकडे वळायचं तर उजवा हात खिडकीबाहेर सरळ धरायचा, थांबायचं तर कोपरातून वर. परीक्षेत ते बघत. पण रत्नागिरीत खिडकीतून हात बाहेर आला की रस्त्यावरची माणसं उलट हात करायची. मग आतला शिष्य ओळखीचं माणूस दिसलं म्हणून पुन्हा हात हलवायचा, आणि तेवढ्यात वळण मागे पडायचं. मी ओरडायचो, "अहो, सिग्नल हा रामराम नव्हे!" हे वाक्य मी इतक्यांदा ओरडलो की शिष्य माझी नक्कल करताना पहिलं तेच म्हणत.

आणि गाडी थांबली तर? मग विचारूच नका. गाडीत जागा असताना ओळखीच्या, त्यातून वयाने मोठ्या माणसाला पायी चालू द्यायचं, हे आमच्याकडे कोणाच्या गळी उतरत नाही. थांबलेली गाडी ही बसण्यासाठीच असते. मी चढणीवर शिष्याला अडकवून घाम गाळत असायचो आणि मागचं दार उघडून कोणीतरी म्हातारं आत सरकायचं. "शिकताय? शिका, शिका. माजी काय घाई नाय. नाक्यावर सोडा."

शिष्यांचे तर किती नमुने! एक तांडेल आले. त्यांनी आयुष्यभर मोठाल्या जहाजांचं सुकाणू धरलेलं, निवृत्त होऊन घरी आले होते. मला वाटलं, हे आठवड्यात शिकतील. पण जहाजाला ब्रेक नसतो. थांबायचं असेल तर फार आधीपासून तयारी करावी लागते. तांडेल खालच्या नाक्यावर थांबायचं म्हणून मारुती मंदिरापासूनच पाय काढून घ्यायचे. गाडी रांगत निघायची, मागे एसटी बोंबलत असायची, आणि तांडेल शांतपणे म्हणायचे, "येऊ द्या त्यांना. आपण बंदराच्या जवळ आलोय." त्यांनी कधी कोणाला धक्का लावला नाही, हे मात्र कबूल करायला हवं.

दुसरे पावसकडचे एक बागायतदार. त्यांची नजर रस्त्यावर ठरायचीच नाही. थंडीत शिकायला आले ही त्यांची चूक, कारण तेव्हा आंब्याला मोहोर येतो. गाडी चालवताना मान वर, दोन्ही बाजूंच्या कलमांवर. "मास्तर, ह्याला फवारणी नाय केलेली बगा." आणि गाडी गटाराकडे. मी ब्रेक दाबून दाबून बेजार. त्यांना मी शेवटी जून महिन्यात, झाडांवर बघण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा, परीक्षेला बसवलं.

आमच्या गावात खरी परीक्षा चढणीची. त्यासाठी थोडं समजावून सांगतो. गाडी चढावर थांबली की ती मागे यायला बघते. हँडब्रेक ओढून तिला धरायची, क्लच अर्धा सोडायचा, एका ठिकाणी गाडी थरथरते आणि तिचं नाक किंचित उचललं जातं. तेवढा क्षण पायाला कळला पाहिजे. तो कळला की हँडब्रेक सोडायचा आणि गाडी पुढे. आधी सोडलात तर मागे, उशीर केलात तर गाडी बंद. हे तोंडाने शिकवता येत नाही. मी नारळाची अर्धी करवंटी मागच्या चाकाला चिकटवून ठेवायचो. गाडी वीतभर मागे आली की कडकन आवाज. करवंटी फुटली की शिष्याने दुसऱ्या दिवशी नारळ आणायचा, असा माझा नियम. आमच्या घरी त्या वर्षांत नारळ विकत आणल्याचं मला आठवत नाही.

भाट्याचा पूल ओलांडला की पुढे चढण लागते. आरटीओचे साहेब परीक्षा घ्यायला तिथेच नेत, आणि हे भाट्यातल्या सगळ्यांना ठाऊक. परीक्षेच्या दिवशी रस्त्याकडेच्या गडग्यावर, म्हणजे जांभ्या दगडांच्या बुटक्या कुंपणावर, माणसं येऊन बसत. शेंगदाणे खात. कोणाची गाडी मागे आली की "आली, आली!" असा गजर. माझ्या कित्येक शिष्यांचे पाय क्लचमुळे नाही, त्या गजरामुळे लटपटले.

तर आता सुलभावहिनी.

पावसच्या पुढच्या वाडीतल्या. नवरा बोटीवर, वर्षातले बरेच महिने बाहेर. मागच्या सुट्टीत त्याने एक जुनी अँबॅसिडर घेतली, दारात आणून उभी केली आणि पुन्हा बोटीवर गेला. गाडीचं दार नीट लागत नसे. एका कोंबडीने मागच्या सीटवर संसार थाटला. घरात सासू, सासरे आणि वहिनी. सासूबाईंचे गुडघे गेलेले, दर सोमवारी रत्नागिरीला दवाखान्यात न्यायला लागायचं. खुर्चीला बांबू बांधून वाडीतली चार माणसं त्यांना एसटीच्या थांब्यावर न्यायची. त्या डोलीत बसून दारातल्या गाडीच्या बाजूने जायच्या आणि दर वेळी गाडीकडे बघायच्या. वहिनींनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हणाल्या, "मास्तर, मला फिरायला जायचं नाय. मला सोमवारी आईंना न्यायचंय. बस."

सासरे म्हणजे आबा. काटक, तिरसट, पावसहून कुठेही पायी जाणारे. गाडी घरात आल्यापासून ते एकदाही तिच्यात बसले नव्हते. सून शिकायला निघाली तेव्हा त्यांनी अडवलं नाही, पण माझ्यासमोरच सुनावलं, "चालवणारा बोटीवर नि कोंबडी गाडीत. असली गाडी ठेवून काय करायची? सावर्ड्याचे गणूशेट घ्यायला तयार हायत. पहिल्या खेपेत लायसन मिळालं तर ठेवू गाडी. नाय तर परीक्षेवरनंच गणूशेट घेऊन जातील."

"पहिल्या खेपेत तर कोणीच पास होत नाही आबा," मी म्हटलं.

"मग गणूशेटचं नशीब," आबा म्हणाले.

वहिनी जिद्दीच्या. रोज एसटीने यायच्या, चंपक मैदानाच्या कातळावर वळणं घ्यायच्या, मग चढणीवर. करवंट्या मात्र फार फुटल्या. मी नारळ नको म्हणायला लागलो, तर म्हणाल्या, "नियम म्हणजे नियम. आमच्याकडे माड काय कमी हायत?" हळूहळू फुटणं कमी झालं, पण थांबलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी माझी गाडी गॅरेजात गेली. परीक्षा वहिनींच्याच गाडीत द्यायची ठरली. म्हणजे माझ्या पायाखाली काही नाही. सकाळी मी पावसला गेलो, कोंबडीला समजावून बाहेर काढलं, सीट पुसली आणि वहिनी गाडी घेऊन निघाल्या. निघताना सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या. आबा कुठे दिसले नाहीत. पहाटेच चालत निघाले, असं कळलं.

साहेब नवीन होते, सोलापूरकडचे. सपाट मुलखातला माणूस. पुढे वहिनींच्या शेजारी बसले, मी मागे. बाजारातून वहिनींनी गाडी सुरेख काढली. साहेब "डावीकडे" म्हणाले की मी मागून हळूच "खाली" म्हणत होतो. साहेबांनी एकदा मागे वळून बघितलं. मग मी खोकल्याचं सोंग केलं.

पूल ओलांडला. चढण लागली. गडग्यावर नेहमीची मंडळी, आणि त्यांच्या मधोमध, छत्री दोन्ही हातांनी धरून, आबा. शेजारी गणूशेट. मास्तर काय, पास झाली म्हणूनच सांगतील, आपण डोळ्यांनी बघावं, असा आबांचा हिशोब. वहिनींनी आरशातून माझ्याकडे बघितलं, म्हणजे त्यांनाही दिसलं होतं.

आणि साहेबांनी नेमकं तिथेच सांगितलं, "थांबवा."

वहिनींनी हात बाहेर काढून सिग्नल दिला, गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला. इथपर्यंत सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. आणि मग त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, खिडकीतून मान बाहेर काढली आणि म्हणाल्या, "आबा, बसा."

आता ह्याला काय म्हणाल? परीक्षा चालली होती. गाडी राहणार की जाणार, म्हातारी डोलीतून जाणार की गाडीतून, ते सगळं त्या चढणीवर लोंबकळत होतं. पण सासरे रस्त्याकडेला बसले आहेत, सुनेची गाडी त्यांच्या पुढ्यात थांबली आहे, आणि मागे जागा आहे. आमच्याकडची कुठली सून 'बसा' म्हटल्याशिवाय राहील? त्यांच्या तोंडून ते गेलं आणि मग त्यांनी जीभ चावली.

गडग्यावरचे शेंगदाणे थांबले. आबांना सगळे ओळखत होते आणि त्यांचा हट्टही. एवढ्या माणसांत सुनेने बोलावलं, आणि आपण नाही म्हटलं तर तिचं काय राहिलं? आबांनी छत्री झटकली. तोपर्यंत गणूशेटनी दार उघडलंच होतं. "थांबलीच हाय तर बसून बगू की. घ्यायचीच हाय आपल्याला." ते आत आले. त्यांच्यामागून आबा आले, आणि आबांच्या मागून एक मासेवाली, पाटीसकट. "वरच्या देवळापर्यंत सोड गो बाय." दार लागलं. मी गणूशेट आणि उजव्या खिडकीच्या मध्ये चेपलो.

साहेबांनी मागे वळून आम्हा चौघांकडे बघितलं. मग पाटीतल्या बांगड्यांकडे.

"काय ओ मास्तर," ते म्हणाले, "ही परीक्षा आहे का एसटी?"

मी पुन्हा खोकलो.

"उतरवा ह्यांना," साहेब वहिनींना म्हणाले.

वहिनींचा चेहरा उतरला होता. पण त्या हळू, स्पष्ट बोलल्या, "साहेब, तुम्ही मला नापास करा. पण आबा पहिल्यांदा बसलेत ह्या गाडीत. माझ्या तोंडाने त्यांना खाली उतरा म्हणून कसं सांगू?"

आबा समोर, काचेतून लांब कुठेतरी बघत होते. साहेबांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. त्यांनाही आई-वडील असतीलच.

"बरं," ते म्हणाले. "सगळ्यांना घेऊन चढवा. पण गाडी वीतभर मागे आली तर माझा इलाज नाही."

बाहेर गडबड झाली. गडग्यावरचा एकजण उठला, कुठून तरी करवंटी पैदा केली आणि मागच्या चाकाला लावून आला. इतकी वर्षं माझी शिकवणी बघून त्या लोकांना ते पाठ झालं होतं. साहेबांनी विचारलं, "हे काय?" मासेवाली म्हणाली, "फुटली तर नापास." साहेबांनी मान डोलावली, जणू सोलापुरातही हाच कायदा होता.

मी मनातल्या मनात वजन तोलत होतो. गणूशेट एकटेच दोन माणसांच्या ऐवजी. करवंटी लावून आम्ही शिकलो ते दोघांच्या वजनावर. आता क्लच जरा जास्त वर आणायला हवा होता. हे सांगायची मला मुभा नव्हती. वहिनींनी गिअर टाकला. क्लच सोडू लागल्या. इंजिन घुमलं. त्या नेहमीच्या ठिकाणी आल्या आणि मला वाटलं, आता सोडणार हँडब्रेक, आणि संपलं. पण त्या थांबल्या. आणखी थोडा क्लच सोडला. गाडी थरथरली, नाक उचललं. माझे दोन्ही पाय मोकळ्या जमिनीवर इतके दाबले गेले होते की पोटऱ्यांत गोळे आले. मग हँडब्रेक सुटला.

गाडी पुढे गेली. मागून 'कडकन' आलं नाही. आला तो नुसता आरडाओरडा, आणि त्या गड्याने करवंटी डोक्यावर धरून नाचवलेली मी मागच्या काचेतून बघितली. अख्खी.

वर सपाटीला गाडी थांबली. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "पास." मग पेनाला टोपण लावत, "पण पुढच्या वेळी परीक्षेत कोणाला बसवू नका." वहिनी हसायला गेल्या आणि रडल्या. त्यांना लाज वाटली म्हणून त्यांनी पदर ओढला, पण आरशात दिसायचं ते दिसलंच. माझेही डोळे भरून आले. इतक्या वर्षांत इतके शिष्य पास झाले, पण तेव्हा वाटलं तसं पुन्हा कधी वाटलं नाही.

गणूशेट सीटवर हात फिरवत होते. "गाडी बेस ओढते हां आबा. कधी नेऊ?"

"कुठं नेताव?" आबा म्हणाले.

"सावर्ड्याला. ठरलंय ना आपलं?"

"सोमवारी आमच्या म्हातारीला दवाखान्यात जायाचंय," आबा म्हणाले. "गाडी कशी देऊ तुमाला?" आणि छत्री गुडघ्यांत धरून ते असे आरामात टेकून बसले, जणू गाडी त्यांनीच आणली होती. गणूशेटना खाली उतरवलं नाही. त्यांना बाजारात आणून सावर्ड्याची एसटी दाखवली.

हल्ली सगळ्या गाड्या दिवे मिचकावतात, हात आत असतात आणि काचा वर. माझा मुलगा थंड हवेत बसून गाणी ऐकत चढण चढतो. गाडी मागे येतच नाही, तिला ते आतूनच जमतं. बरं आहे. पण आत कोण बसलंय ते कळत नाही, आणि रस्त्यात उभं असलेलं माणूस कोण, ते आतल्यालाही कळत नाही. मला ते बोचतं.

त्या परीक्षेनंतरच्या सोमवारची गोष्ट सांगून थांबतो. मी मारुती मंदिराच्या चौकात उभा होतो, माझी गाडी अजून गॅरेजातून सुटायची होती. पावसकडून ती अँबॅसिडर आली. पुढच्या सीटवर, पायांखाली उशी घेऊन, सासूबाई. नेसलेलं लुगडं घडीचं, केसांत अबोली. दवाखान्यात निघाल्या होत्या की लग्नाला, कोण जाणे. मागे आबा, आणि आबांनी वाटेत उचललेली एवढी माणसं की मोजायला दार उघडावं लागलं असतं. मला बघून आबा खिडकीतून ओरडले, "मास्तर, जागा नाय वो! पुढच्या सोमवारी!"

चौकातून दवाखान्याला उजवीकडे वळायचं. वहिनींनी उजवा हात खिडकीबाहेर काढला, सरळ, खांद्याच्या रेषेत, बोटं जुळलेली, मी शिकवला होता अगदी तसा. त्यात रामराम नव्हता, ओळख नव्हती, तो चोख सिग्नल होता. त्यांची नजरही माझ्याकडे नव्हती, रस्त्यावर होती.

आणि मी चौकात, सगळ्यांदेखत, दोन्ही हात वर करून त्यांना हात केला.